जातहारिणी आणि ‘पालटलेलें मूल’

युरोपांतील लोककथांत ‘पालटलेल्या मुला’ची कल्पना फार जुनी असून फार दूरवर पसरलेली आहे. इंग्रज तिला ‘चेंजलिंग’ म्हणतात, जर्मन ‘वेक्सेलबाल्ग’. आयर्लंडपासून स्कँडिनेव्हियापर्यंत कथेचा सांगाडा एकच आहे. बाळंतिणीच्या खोलींतून मानवेतर जीव, कोठें परीलोकचे, कोठें टेकड्यांच्या पोटांत राहणारे, कोठें पाण्यांतले, मनुष्याचें तान्हें मूल उचलून नेतात आणि पाळण्यांत आपलें एखादें खुरटें पोर, अथवा आपल्यांतलाच एखादा जख्ख म्हातारा, मुलाचें रूप देऊन ठेवतात. तें मूल अहोरात्र रडतें, कितीही पाजलें तरी त्याचें पोट भरत नाहीं, तें अंग धरीत नाहीं, पाय टेकीत नाहीं, बोलत नाहीं. मग शेजारीपाजारी सांगूं लागतात कीं, हें तुमचें नव्हेच. त्याला छळलें म्हणजे त्याचे खरे आईबाप धांवत येतात आणि आपलें पोर घेऊन मनुष्याचें मूल परत देतात, असा समज. ह्या शेवटच्या समजुतींतच सारा अनर्थ सांठलेला आहे.

आपल्या वाङ्मयांत ह्या कल्पनेचा जोड शोधूं जातां मार्कण्डेयपुराणांतील जातहारिणीकडे लक्ष जातें, आणि दोन्ही एकच असें म्हणून मोकळें होण्याचा मोह कोणाही संस्कृताभ्यासकाला पडेल. साम्य आहेच, तें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु पुराणांतील आख्यान सावकाश वाचलें म्हणजे असें दिसतें कीं, तें युरोपांतील कथेचें भावंड नसून बरेंचसें उलट बाजूचें आहे. शिवाय हा भेद केवळ पंडितांच्या करमणुकीचा नव्हे. आजारी मुलाचा आणि त्याच्या आईचा जीव त्यांत गुंतलेला आहे. म्हणून त्याचें परीक्षण येथें योजिलें आहे.

मार्कण्डेयपुराण सामान्य वाचकाला सप्तशतीपुरतें ठाऊक असतें. नवरात्रांत देवीमाहात्म्याचे तेरा अध्याय वाचून पोथी बांधून ठेवणारांना, त्याच पुराणाच्या आधींच्या भागांत मृत्यूचा पुत्र दुःसह ह्याचा सबंध वंश वर्णिलेला आहे, ह्याची सहसा कल्पना नसते. पार्गिटरनें कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीसाठीं केलेलें इंग्रजी भाषांतर १९०४ मध्यें पुरें झालें. त्यांत हा ५१ वा अध्याय आहे. (संस्कृत मुद्रित प्रतींत अध्यायांक थोडे मागेंपुढें होतात, शोधणारानें गोंधळूं नये.) ह्या वंशांत परिवर्त नांवाचा एक मुलगा आहे. एकीच्या उदरांतील गर्भ दुसरीच्या उदरांत घालणें आणि बोलणाराचें वाक्य भलतेंच करून टाकणें ह्यांत त्याला आनंद वाटतो. गर्भाची अदलाबदल आणि शब्दाची अदलाबदल एकाच भुताकडे सोंपविणाऱ्या पुराणकाराच्या मार्मिकतेचें आम्हांस नेहमींच कौतुक वाटत आलें आहे. ह्याच वंशांत जातहारिणी. जन्मलेलें मूल हरण करणारी, हा तिच्या नांवाचाच अर्थ.

ती कोठें शिरते हें पुराणकार नेमकें सांगतो. ज्या सूतिकागृहांत विस्तव नाहीं, पाणी नाहीं, धूप नाहीं, दिवा नाहीं, शस्त्र नाहीं, मुसळ नाहीं, राख नाहीं आणि मोहऱ्या नाहींत, तें तिचें घर. ही यादी वाचतांना जुन्या पोथींतलें कांहीं वाचीत आहों असें आम्हांस वाटत नाहीं. आम्ही राहतों तें चिचगड हें गांव पूर्वी भंडारा जिल्ह्यांत होतें; १९९९ पासून तें गोंदिया जिल्ह्यांत, देवरी तालुक्यांत मोडतें. छत्तीसगडची सीमा जवळ असल्यामुळें मराठी, गोंडी आणि छत्तीसगडी ह्या तिन्ही भाषा बाजारांत कानीं पडतात. बाळंतिणीच्या खाटेखालीं विळा ठेवणें, दाराशीं विस्तव राखणें, रात्रभर दिवा जागता ठेवणें, मोहऱ्या-मिठानें दृष्ट काढणें आणि सटवीच्या रात्रीं पाटा-वरवंटा पुजणें ह्या गोष्टी ह्या झाडींत, किंबहुना साऱ्या महाराष्ट्रांत, सांगाव्या लागत नाहींत. मुसळाच्या जागीं वरवंटा आला, शस्त्राच्या जागीं विळा आला, इतकाच फरक.

युरोपांतही पाळण्यावर लोखंडी कात्री किंवा चिमटा ठेवीत आणि मुलाचा बाप्तिस्मा होईपर्यंत खोलींतला दिवा मालवीत नसत. परंतु येवढ्यावरून कल्पना इकडून तिकडे गेली कीं तिकडून इकडे आली असला वाद उभा करण्यांत अर्थ नाहीं. जेथें जेथें मनुष्य अंधाराला भितो, तेथें तेथें दिवा आणि लोखंड हींच त्याच्या हातीं असतात. उपकरणांवरून नातें ठरवूं नये, आख्यानावरून ठरवावें.

तें आख्यान चाक्षुष नांवाच्या सहाव्या मनूच्या जन्माचें आहे. पार्गिटरच्या भाषांतरांत तें ७६ व्या अध्यायांत येतें. अनमित्र नांवाच्या राजर्षीला मुलगा होतो. हा मुलगा जातिस्मर आहे, म्हणजे त्याला पूर्वजन्मींचें स्मरतें. आई त्याला मांडीवर घेऊन लाड करीत असतां तो एकाएकीं हंसतो. आई दचकते आणि हें अकालीं आलेलें शहाणपण कसलें म्हणून विचारते. मूल सांगतें कीं, समोर एक मांजरी मला खाण्यास टपली आहे, दुसरी जातहारिणी अदृश्यपणें उभी आहे, आणि तिसरी तूं मला प्रेमानें कवटाळीत आहेस. त्या दोघी आपल्या स्वार्थासाठीं माझ्याकडे पाहतात. तूंही पुढें माझ्यापासून फळ मिळावें म्हणूनच मला जपतेस. त्यांना जें आतांच हवें तें तुला हळूहळू हवें, एवढाच भेद. आईच्या मनाला हें लागतें. तुझ्यापासून मला कांहींएक नको असें म्हणून ती सूतिकागृहांतून निघून जाते.

तिची पाठ वळतांच जातहारिणी मुलाला उचलते आणि विक्रान्त राजाच्या राणीच्या शय्येवर नेऊन ठेवते. राणीचा नवजात पुत्र ती विशाल नांवाच्या गांवीं बोध नांवाच्या ब्राह्मणाच्या घरीं नेऊन ठेवते. आणि त्या ब्राह्मणाचा पुत्र ती खाते. हा तिचा नेमच आहे: दोन मुलें पालटावीं आणि तिसरें खावें.

विक्रान्त आपल्या घरीं आलेल्या मुलाचें नांव आनंद ठेवतो. पुढें मुंजीच्या वेळीं गुरु त्याला सांगतो कीं, आधीं मातेला वंदन कर. आनंद विचारतो, कोणत्या मातेला? जिनें जन्म दिला तिला, कीं जिनें वाढविलें तिला? गुरु राणीकडे निर्देश करतो. तेव्हां आनंद सांगतो कीं, ही चैत्राची आई. चैत्र विशाल गांवीं बोधाच्या घरीं त्याचा मुलगा म्हणून वाढत आहे. मी तिसऱ्याच ठिकाणचा. इतकें बोलून तो तपाला जातो. ब्रह्मदेव त्याला मोक्षाच्या वाटेवरून मागें बोलावून मनुपद देतो, आणि तो उग्र राजाची कन्या विदर्भा हिच्याशीं विवाह करतो. (हें नांव पाहून आमच्या प्रांतांतील कोणी उत्साही गृहस्थानें सहाव्या मनूची सासुरवाडी वऱ्हाडांत शोधूं नये. पुराणांतील नांवांवरून भूगोल रचण्याची हौस एरवींच पुष्कळ झाली आहे.)

आख्यान येवढेंच. आतां तें कथा म्हणून तपासूं.

पहिली गोष्ट मुलाच्या हंसण्याची. ग्रिम बंधूंच्या संग्रहांत ३९ व्या क्रमांकाखालीं तीन लहान गोष्टी आहेत. त्यांतील तिसरींत एका बाईचें मूल पालटलेलें असतें. शेजारीण तिला युक्ति सांगते, आणि ती चुलीवर अंड्याच्या टरफलांत पाणी उकळावयास ठेवते. तें पाहून पाळण्यांतल्या जीवाला राहवत नाहीं. आपण एका जुनाट अरण्याइतके वृद्ध असून असला स्वयंपाक कधीं पाहिला नाहीं असें तो बोलून जातो आणि खदखदां हंसूं लागतो. तो हंसतांच त्याचे सोबती येऊन खरें मूल परत देतात. म्हणजे तान्ह्या मुलाचें हंसणें, प्रौढासारखें बोलणें आणि अतिप्राचीन काळाची आठवण, हीं तिन्ही लक्षणें आनंदांतही आहेत व त्या जर्मन जीवांतही आहेत. परंतु जें तेथें कपट उघडें पाडणारें लक्षण, तेंच येथें थोरवीचें लक्षण आहे. तेथें मुलाच्या तोंडीं म्हातारपण दिसलें कीं तें मनुष्य नव्हे असें ठरतें. येथें तें फार वेळां मनुष्य झालेलें आहे असें ठरतें. पुनर्जन्म मानणाऱ्या समाजाला पाळण्यांतला वृद्ध हा परका वाटत नाहीं. प्रत्येक पाळण्यांत तो असतोच.

दुसरी गोष्ट आईनें पाठ फिरविण्याची. युरोपांतील कथांत आधीं पालट होतो आणि मग आईचें मन विटतें. पुराणांत आधीं आईचें मन विटतें आणि मग पालट होतो. हा क्रम पुराणकारानें जाणूनबुजून ठेवला आहे असें आमचें मत आहे. कारण विस्तव-मोहऱ्यांची ५१ व्या अध्यायांतील यादी येथें तो एकदांही काढीत नाहीं. त्या खोलींत दिवा होता कीं नव्हता, कोणास ठाऊक; आई नव्हती हें मात्र तो सांगतो. वैराग्याच्या उपदेशासाठीं रचलेल्या कथेंत मातृप्रेमाची मांजरीशीं तुलना करणारें तें बोलणें आम्हांस रुचत नाहीं, तें स्पष्ट सांगतों. पण त्या बोलण्याचें फळ काय झालें हें कथा लपवीत नाहीं. मूल ज्ञानाचें बोललें, आणि भक्षिणीच्या हातीं गेलें.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी कीं, पुराणांत पालटलेलें प्रत्येक मूल मनुष्याचेंच आहे. राणीच्या कुशींत आलेला आनंद राजर्षीचा मुलगा. ब्राह्मणाच्या कुशींत आलेला चैत्र राजाचा मुलगा. जातहारिणी आपलें पोर कोणाच्याही पदरांत टाकीत नाहीं. त्यामुळें प्रश्न उभा राहतो तो ‘हें मूल मनुष्य आहे काय’ असा नसून ‘हें मूल कोणाचें’ असा आहे. वंदन कोणाला करावें, राज्य कोणाला द्यावें, हे त्याचेच फांटे. युरोपांत मात्र पाळण्यांतला जीव मनुष्य नव्हेच हें गृहीत असल्यामुळें, त्याला काय करावें ह्याला सीमा उरली नाहीं.

ती सीमा कशी ओलांडली गेली ह्याचे दाखले अरण्यांतल्या अडाणी लोकांपुरते नाहींत. धर्मसुधारक ल्यूथर ह्यानें सोळाव्या शतकांत जर्मनींतील देसाउ येथें असें एक बारा वर्षांचें मूल पाहिलें. तें खाई व ओरडे, ह्यापलीकडे कांहीं करीत नसे. त्याला नदींत टाकावें असा सल्ला त्यानें तेथील अधिपतींना दिला. हें देहाचें मांस असून त्यांत आत्मा नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. अधिपतींनीं तो सल्ला मानला नाहीं, हें त्यांचें श्रेय. आयर्लंडांत केरी परगण्यांत १८२६ मध्यें चार वर्षांच्या एका मुलाला, जो उभा राहूं शकत नव्हता व बोलूं शकत नव्हता, एका वृद्ध स्त्रीनें ओळीनें तीन दिवस सकाळीं नदींत बुचकळलें. तिसऱ्या दिवशीं तो बुडून मेला. आपण त्याला मारीत नव्हतों, त्याच्यांतल्या परीला घालवीत होतों, असें तिचें म्हणणें पडलें, आणि पंचांनीं तिला निर्दोष सोडलें. टिपरेरी परगण्यांत १८९५ मध्यें ब्रिजेट क्लिअरी ह्या तरुण विवाहितेला तिच्या नवऱ्यानेंच, ही आपली बायको नव्हे, बदललेली आहे, असें म्हणत जाळलें. सदोष मनुष्यवधासाठीं त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. पालटाची कल्पना एकदां मनांत बसली म्हणजे ती पाळण्यापाशीं थांबत नाहीं, हें ह्यावरून दिसेल.

तापल्या लोखंडाचा उपयोग आपल्याकडेही नाहीं असें नाहीं. मेळघाटांत पोट फुगलेल्या तान्ह्या मुलाला तापल्या विळ्यानें डाग देण्याची ‘डंबा’ ही रीत सर्वश्रुत आहे. तिचें समर्थन कोणी करूं नये. पण तुलना करतांना तिचा हेतु वेगळा आहे हें ध्यानीं धरलें पाहिजे. तेथें डाग देणारी आजी आपल्याच नातवाला वांचवूं पाहते. तो आपला नव्हे असें तिच्या स्वप्नींही नसतें.

आतां एका अशा गोष्टीकडे वळतों कीं, जी संस्कृत जाणणाऱ्या वाचकाला चटका लावील. एत्येन द बूर्बाँ नांवाचा एक डोमिनिकन संन्यासी तेराव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सांत लियाँ शहराच्या उत्तरेकडील प्रदेशांत हिंडत होता. गांवच्या बायका आपली आजारी मुलें सेंट गिनफोर नांवाच्या सत्पुरुषाच्या राईंत नेतात असें त्याला कळलें. तेथें त्या मुलाला दोन झाडांच्या बुंध्यांमधून नऊ वेळां इकडून तिकडे देत, हें तुमचें मूल तुम्ही न्या आणि आमचें परत द्या अशी वनदेवतांची आळवणी करीत, उघड्या मुलाला झाडापाशीं मेणबत्त्यांमध्यें ठेवून दूर जात, आणि परत आल्यावर तें जिवंत सांपडलें तर जवळच्या नदींत नऊ वेळां बुचकळीत. मेणबत्तीनें जळून कित्येक मुलें मेल्याचें एत्येननें लिहिलें आहे. त्यानें चौकशी केली तेव्हां कळलें कीं, हा सत्पुरुष म्हणजे एक कुत्रा. एका सरदाराच्या तान्ह्या मुलावर सर्प चालून आला. घरच्या कुत्र्यानें तो मारला. रक्तानें माखलेलें त्याचें तोंड पाहून दाईनें किंकाळी फोडली आणि सरदारानें तलवारीनें कुत्र्याला मारलें. मागून मूल सुखरूप व सर्प छिन्नभिन्न दिसला. त्या कुत्र्याला विहिरींत पुरून वर झाडें लावलीं, तीच ती राई.

ही कथा म्हणजे पंचतंत्राच्या पांचव्या तंत्रांतील ब्राह्मणी व मुंगूस, हें शाळेंतल्या मुलालाही सांगावें लागणार नाहीं. पहलवी, सिरियाक व अरबी भाषांतरांच्या वाटेनें पंचतंत्र पश्चिमेस कसें गेलें ह्याचा माग बेन्फाय ह्यानें १८५९ मध्येंच काढला आहे. परंतु येथें केवळ प्रवासाचें कौतुक नाहीं. शाळांतून शिकविल्या जाणाऱ्या पाठांत ब्राह्मणी त्या मुंगसाला आपल्या मुलाबरोबर स्वतःचें दूध पाजून वाढविते, आणि तरीही त्याच्या जातीमुळें त्याचा विश्वास धरीत नाहीं, असें स्पष्ट म्हटलें आहे. एका कुशींत दोन तान्हीं, त्यांतलें एक परक्या योनीचें, आणि त्याच्याविषयीं आईच्या मनांत संशय! युरोपांतील पालटलेल्या मुलाचें खरें प्रतिबिंब आपल्या वाङ्मयांत कोठें असेल तर तें जातहारिणीपाशीं नसून येथें आहे. आणि त्या परक्या पोरानेंच घरच्या मुलाला वांचविलें, संशयानें मात्र त्याला मारलें, असा कथेचा निर्णय आहे. त्या तंत्राचें नांवच अपरीक्षितकारक. न तपासतां केलेल्या कृत्याचा धिक्कार करणारी ही गोष्ट आठ हजार मैलांची नसली तरी सात-आठ शतकांची वाट चालून गेली, आणि जेथें आजारी मुलांना न तपासतां परकें ठरवीत त्याच राईची ती स्थलपुराण होऊन बसली. एत्येननें कुत्र्याचीं हाडें उकरून जाळविलीं आणि झाडें तोडविलीं. तरी बायका तेथें येतच राहिल्या. एकोणिसाव्या शतकांतही तें स्थान गाजत होतें, असें श्मित ह्या फ्रेंच इतिहासकारानें १९७९ च्या आपल्या ग्रंथांत दाखविलें आहे.

इतकें वाचून आपल्या परंपरेनें आजारी मुलाला परकें म्हटलें नाहीं ह्याचा अभिमान कोणी धरील, तर त्यानें काश्यपसंहिता उघडावी. बालरोगांवरील ह्या प्राचीन ग्रंथाची खंडित पोथी नेपाळांत मिळाली, आणि हेमराज शर्मा ह्यांच्या विस्तृत उपोद्घातासह ती १९३८ मध्यें निर्णयसागर छापखान्यानें छापली. तिच्या रेवतीकल्पांत जातहारिणींचे कितीतरी प्रकार साध्य, याप्य व असाध्य असे विभागून दिले आहेत. निरीक्षण सूक्ष्म आहे. कोणत्या महिन्यांत गर्भ जातो, कितव्या दिवशीं मूल दगावतें, ह्याचा हिशेब एखाद्या अनुभवी सुईणीनें सांगावा तसा आहे. परंतु जातहारिणी शिरते कोणांत? धर्म सोडलेल्या स्त्रींत, देवब्राह्मणांचा व वडील माणसांचा अवमान करणाऱ्या स्त्रींत. आणि एकीकडून ती दुसरीस लागते. सुश्रुताचे नऊ बालग्रह आणि वाग्भटाचे बारा हे निदान मुलाला पछाडतात. वाग्भटाची शुष्करेवती तर मुलाच्या सुकत जाण्याचेंच नांव आहे. रेवतीकल्पानें मात्र मुलाच्या मरणाचा जाब आईकडे मागितला. युरोपानें अपराध पाळण्यांतल्या जीवावर टाकला. आपण तो बाळंतिणीवर टाकला, आणि ती निर्दोष ठरली तर शेजारणीवर.

हा अपराध आमच्या भागांत अजून वांटला जातो. पूर्व विदर्भांत सिकलसेल हा रक्तविकार पुष्कळ आढळतो. त्या विकाराचें मूल जन्मतां चांगलें गुटगुटीत असतें. पहिले कांहीं महिने गर्भावस्थेंतलें रक्तद्रव्य त्याला सांभाळतें. तें कमी होऊं लागलें म्हणजे हातापायांचे पंजे सुजतात, मूल पांढरें पडतें, विव्हळूं लागतें. कालपर्यंतचें मूल आज निराळेंच झालें, असें कोणाही आईला वाटावें असा हा रोग आहे. सुसान एबर्ली ह्या विदुषीनें १९८८ मध्यें लंडनच्या ‘फोकलोर’ ह्या नियतकालिकांत पालटलेल्या मुलांचीं लक्षणें जन्मजात विकारांशीं ताडून पाहिलीं, तो मार्ग आम्हांस पटतो तो ह्यामुळेंच. आणि हा रोग होण्यास आई व बाप ह्या दोघांकडूनही सदोष अंश यावा लागतो. बापाकडे कोणी भगत बोट करीत नाहीं, ही गोष्ट निराळी. सीमेपलीकडे संशयित स्त्रीला ‘टोनही’ म्हणतात. तिचा छळ थांबविण्यासाठीं छत्तीसगडनें २००५ मध्यें कायदा केला, महाराष्ट्रानें जादूटोण्याविरुद्धचा कायदा २०१३ मध्यें केला. तरीही २०२१ च्या ऑगस्टांत चंद्रपूर जिल्ह्यांतील जिवती तालुक्यांत वणी खुर्द येथें जादूटोण्याच्या संशयावरून वृद्ध स्त्रीपुरुषांना भर चौकांत बांधून मारण्यांत आलें.

पुन्हा आख्यानाकडे येऊं; कारण त्यांतलें एक खातें अजून उघडेंच आहे. तीन मुलें गेलीं. त्यांपैकीं आनंद मनु झाला. चैत्राला राजानें परत आणून राज्ययोग्य केलें. तिसरें? तें जातहारिणीनें खाल्लें, आणि त्यानंतर त्याचा उच्चार नाहीं. बोधानें आपला औरस मुलगा गमावला, तो गेला हें त्याला कळलेंही नाहीं. ज्याला आपला समजून वाढविलें तो चैत्रही पुढें राजाच्या माणसांनीं नेला. ज्या ब्राह्मणानें स्वपुत्र समजून मुलाला वाढविलें त्याचा राजानें सत्कार केला, एवढें पुराण नोंदवितें. सत्कारांत काय दिलें, तें सांगितलेलें नाहीं. आनंदानें गुरूला विचारलेला प्रश्न आपण मोठा तात्त्विक म्हणून वाखाणतों. पण तो प्रश्न विशाल गांवीं चैत्राच्या मुंजींत कोणी विचारला नाहीं.

असली बेफिकिरी ही कथेची अपरिहार्य गरज होती असें म्हणतां येणार नाहीं, कारण इतरांनीं ती टाळली आहे. भागवताच्या दशमस्कंधांत कृष्णाच्या बदल्यांत आलेल्या यशोदेच्या मुलीला कंस शिळेवर आपटूं जातो, तेव्हां ती हातांतून निसटून देवी होऊन आकाशांत जाते. भागवतकाराला त्या मुलीचें रक्त पाहवलें नाहीं. जैनांच्या अन्तगडदसाओ ह्या आगमांत हरिनैगमेषी देव देवकीचे सहा मुलगे सुलसेच्या मेलेल्या मुलांशीं पालटतो. पुढें तेच सहा जण मुनि होऊन भिक्षेस येतात. ते आपलेच पुत्र हें अरिष्टनेमीकडून कळतांच देवकी त्यांच्या दर्शनास जाते, आणि इतक्या वर्षांनीं तिला पान्हा फुटतो. सात मुलगे होऊन एकाचेंही बाळपण आपल्या वांट्यास आलें नाहीं, म्हणून ती शोक करीत बसते, आणि तें दुःख कृष्णाला दूर करावें लागतें.

मार्कण्डेयपुराणाला राणीचें नांव ठाऊक आहे, आणि तिच्या बापाचेंही. बोधाच्या पत्नीचें नांव तें देत नाहीं.